पाच पडव्यांचं तळं

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर रविवारी दुपारी शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचं वाचन, असायचा. सकाळची चर्चची उपासना हिंदीतून व्हायची आणि ती पप्पांना पुरायची नाही. ते मूळचे अहमदनगरचे, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. दिवसभर फायलींवर इंग्रजी नोटिंग आणि हिंदी बोलणं झालं की देवाशी तरी आपल्या भाषेत बोलावं, असं ते म्हणत. दोन-तीन मराठी ख्रिस्ती कुटुंबं यायची. शिवाय वरच्या मजल्यावरच्या काकू. त्या पुण्याच्या, घरी गणपती बसवणाऱ्या. पण आठवड्यातून एकदा चांगलं मराठी कानावर पडतं म्हणून हातात विणकाम घेऊन यायच्या आणि सुया चालवत सगळं ऐकायच्या.

थंडीत आम्ही मागच्या अंगणात उन्हात बसायचो. सतरंजी, दोन खुर्च्या, आईने केलेले शंकरपाळे आणि आल्याचा चहा. त्या उन्हाची ऊब मला आजही आठवते. आता मी दिल्लीतल्याच द्वारकेत आठव्या मजल्यावर राहते. बाल्कनीत ऊन भरपूर येतं, पण तिथे बसून कुणी वाचून दाखवत नाही.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. अडीच वर्षांची असताना मला पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक राहिला. त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि जाड बूट. त्यावर मी चांगली चालायचे, फक्त सावकाश. पप्पांना मात्र ते बघवायचं नाही. जिने, खड्डे, रस्ता ओलांडणं, काहीही आलं की ते मला उचलून घ्यायचे. बारा वर्षांच्या मुलीला भर बाजारात बापाने उचलून घ्यावं, याची लाज मला किती वाटायची ते त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आम्हाला रोगमुक्तीच्या सभेला नेलं. मोठा शामियाना, भोंगे, हजारभर माणसं. उपदेशकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून खूप वेळ प्रार्थना केली. मग म्हणाले, "बेटी, इसे उतार दो और चलो."

मी पप्पांकडे पाहिलं. त्यांनी स्वतः खाली वाकून कॅलिपरचे पट्टे सोडले. मी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि कोसळले. ओठ फुटला. उपदेशक पप्पांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "घर में कोई पाप छिपा है. पहले पश्चात्ताप कीजिए."

त्यानंतर पप्पा बदललेच. जेवायचे कमी, संध्याकाळी शास्त्र उघडून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. आईने विचारलं तर "काही नाही, ऑफिसचं काम," एवढंच. मला वाटायचं, मी पडले म्हणून ते माझ्यावर रागावलेत.

दोन-तीन आठवड्यांनी रविवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आला. वाचायची पाळी माझी होती. यरुशलेमात एक तळं होतं, त्याला पाच पडव्या होत्या. "पडवी" मला माहीतच नव्हती. मी अडखळले. काकू म्हणाल्या, "अगं, घराला लागून छप्पर असतं ना, तुमचा तो व्हरांडा." त्या पडव्यांत आजारी माणसं पाणी हलायची वाट बघत पडलेली असत, कारण पाणी हललं की पहिला उतरणारा बरा होतो असं मानत. त्यातला एक अडतीस वर्षं आजारी होता. येशूने त्याला विचारलं की तुला बरं व्हायचंय का, आणि मग अंथरूण उचलून चालायला सांगितलं. तो चालू लागला. पुढे देवळात भेटल्यावर येशू त्याला म्हणाला की आता पुन्हा पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल.

मी वाचून थांबले. एरवी पप्पा लगेच समजावून सांगायला लागायचे. त्या दिवशी त्यांनी शास्त्र मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मला काही सांगायचंय."

विणकामाच्या सुया थांबल्या.

"हिला ताप भरला त्या दिवशी हिची आई मला म्हणाली, हॉस्पिटलात नेऊ या. संसदेचं अधिवेशन चालू होतं. माझ्या टेबलावर एका प्रश्नाच्या उत्तराची फाइल होती. मी म्हटलं, साधा ताप आहे, उद्या बघू. आणि ऑफिसला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हिचा पाय हलत नव्हता. दहा वर्षं झाली. मी कुणाला बोललो नाही. त्याचीच शिक्षा हिला होतेय."

मी पप्पांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई उठून त्यांच्या शेजारी बसली.

"मला डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली, "की आदल्या दिवशी आणली असती तरी पाय असाच राहिला असता. तुम्हाला दोनदा सांगितलं मी. तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत."

"पण मी गेलो ना ऑफिसला!"

"गेलात. त्याचा राग होता मला, खूप दिवस होता. आता नाही."

मग काकूंनी चाचरत तोंड उघडलं. "मला तुमच्यातलं काही कळत नाही हो, चुकलं तर माफ करा. पण तुमच्या देवाने त्या माणसाला आधी विचारलं, बरं व्हायचंय का म्हणून. हिला कधी विचारलंत का कुणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाबरले. पप्पा खुर्चीवरून उतरून सतरंजीवर माझ्यासमोर बसले. डोळे लाल झालेले.

"सांग बाळा. तुला काय हवंय?"

पायाबद्दल बोलावं असं त्या क्षणी मला सुचलंच नाही. मी म्हटलं, "मला संक्रांतीला पानिपतला जायचंय. सगळे जातात. आणि तुम्ही मला उचलायचं नाही."

दरवर्षी दिल्लीतली मराठी मंडळी संक्रांतीला, म्हणजे पानिपतच्या लढाईच्या दिवशी, बस करून तिथल्या काला अंबच्या स्मारकाला जायची. मला उंचसखल जमिनीवर त्रास होईल म्हणून पप्पा कधी नेत नसत. ते म्हणाले, "माझं चुकलं. जाऊ या आपण."

आम्ही गेलो. दाट धुकं होतं, दोन्हीकडे गव्हाची हिरवी शेतं. बस थांबली तिथून स्मारकापर्यंतची वाट दंवाने निसरडी झाली होती. बाकीची माणसं भराभर पुढे गेली. मी सावकाश निघाले. मागे पप्पांच्या पावलांचा आवाज येत होता. एका ठिकाणी माझा बूट घसरला, मी गुडघ्यावर आले. ते धावत आले आणि दोन हात अंतरावर थबकले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हात पुढे करायचे का नाही, याने ते कासावीस झाले होते. मी जमिनीला हात टेकून उठले, फ्रॉकचा चिखल झटकला आणि चालू लागले.

स्मारकापाशी पोहोचले तेव्हा लोक हात जोडून उभे होते. काकूंनी माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला. पप्पा बाजूला उभे राहून रुमालाने चष्मा पुसत होते.

"थंडी फार आहे," ते म्हणाले, आणि माझ्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला.