हार घातलेला फोटो

कानडी सिनेमात मी बारा वर्षं आईच होते. लग्नानंतर नाशिक सोडून बेंगळुरूला गेले, तिथे हौशी नाटकात कोणीतरी पाहिलं आणि बत्तिसाव्या वर्षी मला माझ्याच वयाच्या हिरोची आई केलं. संवाद देवनागरीत लिहून घ्यायचे आणि घोकायचे. हिरोची आई मध्यंतरापर्यंत जगली तरी खूप. पुढे तिचा फोटो भिंतीवर आणि त्याला चंदनाचा हार.

एकदा ऐनवेळी सेटवर माझा फोटो सापडेना. मी पर्समधला काढून दिला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! त्याच फोटोची मोठी प्रत माहेरी पंचवटीत, बैठकीच्या भिंतीवर होती.

माझे वडील, नाना, तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकानदार. सिनेमात काम करते म्हटल्यावर "तुझं तू बघ" एवढंच म्हणाले होते. नंतर विरोध नाही आणि चौकशीही नाही. माझ्याबद्दल कोणी विचारलं, तर "जावई कारखान्यात आहेत" असं सांगून विषय संपवायचे. मला ते फार लागायचं.

दोन हजार सालानंतरच्या एका मे महिन्यात मी माहेरी आले, तर भिंतीवर नुसता खिळा. फोटो गायब. आईला विचारलं, तर ती भाजी निवडत म्हणाली, "त्यांनाच विचार बाई." झालं! नानांनी मला भिंतीवरून उतरवलं म्हणजे मनातूनही उतरवलं, अशी माझी खात्रीच पटली. बॅगसुद्धा उघडली नाही.

दुपारी नाना जेवायला आले. मी सरळ विचारलं, "फोटो का काढलात?"

ते पाटावर बसले. "केबलवर लागला होता तुझा पिक्चर. कळलं काही नाही, पण शेवटपर्यंत बसलो. शेवटी आपला हा भिंतीवरचाच फोटो, अन् त्याला हार! जित्या पोरीच्या फोटोला हार! मग रोज इथं बघितलं की तोच हार दिसायचा. ठेवला कपाटात, माझ्या धोतरांखाली."

मी तिथेच रडले. किती हलकं वाटलं, काय सांगू!

मग त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, की आमच्याकडे मेल्याचा शॉट झाला की कॅमेरा पुन्हा चालू करतात आणि त्या माणसाला हसायला लावतात. अशुभ निघून जातं म्हणे.

"मग तुला हसवलं का?"

"मी नुसता फोटो होते, नाना. फोटोला कोण हसवणार?"

त्यांनी भात अर्धवट टाकला, हात धुतला आणि चपला घातल्या. "चल."

गल्लीच्या टोकाच्या फोटो स्टुडिओत मला स्टुलावर बसवलं. पण सांगून हसू येतं होय? मी ओठ ताणून बसले. फोटोवाला नवा होता. वातावरण सैल करायला त्याने विचारलं, "ताई काय करतात?"

जावई आणि कारखाना ऐकायची तयारी करून मी खाली पाहिलं.

"सिनेमात काम करते," नाना म्हणाले. "कानडी. मोठमोठे हिरो पाया पडतात तिच्या."

मी मान वर केली ती हसतच, आणि फोटोवाल्याने बटण दाबलं.