धुतलेले पांढरे पाय

जूफेनताईंची जीभ आमच्या गल्लीत सगळ्यांत फटकळ आणि उंबरठा सगळ्यांत स्वच्छ. पाहुणे यायचे म्हटले की बाई माझ्या दारापुढचं शेवाळसुद्धा खरवडून काढायच्या आणि वर ऐकवायच्या की तुला लाज नाही, निदान माझे पाहुणे तरी घसरायला नकोत.

आमच्या थायछांगमध्ये घरोघरी डुकरं पाळणं बंद करायचा हुकूम आला, तेव्हा सासूच्या हातची शेवटची काळी डुकरीण त्यांनी गल्लीच्या टोकाला, मी कामाला होतो त्या, डुकरांच्या संवर्धन केंद्राला दिली आणि तिच्यामागोमाग स्वतःही तिथं कामाला लागल्या. नवरीपेक्षा पाठराखीणच सासरी जास्त टिकली, असं मी चिडवायचो. त्या डुकरिणीची नात म्हणजे थोरली. डोळ्यांवर लोंबणारे कान, सुरकुतलेलं तोंड, काळं अंग आणि चारी पाय पांढरे. ताईंच्या घरच्या डुकरांचा वंश आता उरला होता तो थोरली आणि तिच्या लेकींपुरता.

मग केंद्रात नानचिंगहून जनावरांचे डॉक्टर ओउयांग आले. स्वभावानं गरीब, चष्मा सारखा घसरायचा. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं, की काही डुकरांच्या रक्तात शांत असतानाही ताणाचं संप्रेरक जास्त असतं. त्यांच्या अंगावर चरबी लवकर चढते आणि हा गुण आईबापांकडून पिल्लांत उतरतो. शहरात आता चरबीला गिऱ्हाईक नाही. तेव्हा ज्या घराण्यांत संप्रेरक बेताचं, तेवढीच राहतील. बाकीची कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढतील.

"ताणानं चरबी चढते म्हणता?" ताई म्हणाल्या. "मग माझ्या नवऱ्यानं मला या गोठ्याएवढी केली असती."

सगळे हसले. डॉक्टरही हसले आणि शेवटचं सांगायचं ते सांगून मोकळे झाले: तपासणीसाठी रक्त काढायच्या सकाळी कुणी डुकरांच्या जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही.

ताईंनी ते ऐकलं. पण मुलगी बघायला लोक येणार आणि आईनं तिचं तोंडही पुसायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. उजाडायच्या आत त्यांनी पाणी तापवलं आणि थोरलीला घासलं. लेकींनाही घासलं. पांढरे पाय भांड्यांच्या ब्रशनं चकचकीत केले. जन्मात कधी आंघोळ न घातलेली ती जनावरं अशी किंचाळली, की मी पायजम्यातच बाहेर आलो. थोड्याच वेळात डॉक्टरांनी त्यांच्या मानेतून रक्त घेतलं. किती स्वच्छ ठेवलीत हो, असंही म्हणाले. ताई दिवसभर हवेत होत्या.

निकाल आला. सगळ्या केंद्रात थोरलीचं घराणं सर्वांत वाईट. आईचं संप्रेरक वर, लेकींचंही वर, म्हणजे वारशाचा पुरावाच मिळाला.

ताईंनी आंघोळीचं तिथल्या तिथं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. त्या किंचाळण्यानंच आकडे चढले असणार, ते म्हणाले. जनावरं निवली की पुन्हा रक्त घेऊ. पण केंद्राचे व्यवस्थापक लियाओ ट्रक ठरवून बसले होते.

"मावशी, एवढ्याशा आंघोळीला घाबरणारं घराणं ठेवायचं कशाला?" लियाओ म्हणाले.

"घाबरवलं मी," ताई म्हणाल्या. "मला चढवा ट्रकमध्ये."

लियाओंना तो विनोद वाटला. त्या वेळी मलाही वाटला.

थोरली गेली, लेकी गेल्या. नव्या वर्षाच्या आधी केंद्रानं कामगारांना मांस वाटलं. ताईंच्या वाट्याला पाय आले. त्यांनी ते आमच्याकडे आणून ठेवले.

"तू खा," म्हणाल्या. "तुझ्या घशाखाली सगळंच उतरतं."

बायकोनं खडीसाखर आणि सोया सॉस घालून शिजवले. उतरले. चांगले लागले, हे मी आजपर्यंत त्यांना सांगितलेलं नाही.

आता ताईंच्या उंबरठ्यावर शेवाळ आहे. गेल्या महिन्यात डॉक्टर ओउयांग भेटायला आले आणि तिथंच घसरले. ताईंनी त्यांना हात देऊन उठवलं, चहा दिला. शेवाळाला मात्र हात लावला नाही.