जावयानं आवळलेला बोल्ट

जावयानं सासुरवाडीत यंत्राला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. माझी मतं थोडीच आहेत, पण जी आहेत ती सगळी नुकसान करून मिळवलेली!

कापसानं लागोपाठ दगा दिला, ती वर्षं. कळंबकडच्या आमच्या शेतात कपाशीची पऱ्हाटी उभी, बोंडात नुसत्या अळ्या. लग्न नवं, हाताला काम नाही. म्हणून बायकोला, कुंदाला घेऊन बोरी अरबला सासऱ्यांकडं, म्हणजे मामाजींकडं गेलो. मामाजींचं सुतारकामाचं छोटं दुकान होतं. म्हटलं, एकदा हुन्नर दाखवू, ते आपणहून ठेवून घेतील. (सासऱ्याला काम मागायचं कसं, हे नववीपर्यंत तरी शिकवत नाहीत!)

दुकानाचीही कळा तीच. कापूसच नाही, तर नवी दारं कोण बसवतो? बऱ्याच दिवसांनी एका दवाखान्याच्या दाराचं काम आलेलं, संध्याकाळी द्यायचं. आणि विजेच्या गोल करवतीचं पातं बोथट! बदलावं, तर पात्यामधला बोल्ट जाम.

"द्या इकडं, मामाजी!" मी पाना हिसकावलाच.

"राहू द्या, जवाईबापू. कपडे खराब होतीन."

मी वायर काढली, पात्याच्या दातांत लाकडाचा तुकडा अडकवला आणि पाना फिरवला, डावीकडं. साऱ्या जगाचे बोल्ट डावीकडंच ढिले होतात!

मामाजी खाकरले. "तसं नाई, जवाईबापू... म्हंजे, तसंबी चालते म्हना."

मी जोर वाढवला. सासूबाई चहा घेऊन आल्या. "दमले असान. अंगात ताकद लय हाये हो तुमच्या!" मग काय, मी पान्यावर पाय देऊन उभाच राहिलो! दारातून कुंदा डोळे मोठे करून बघत होती. (मला वाटलं, कौतुकानं.)

"मामाजी, एखादा पाईप हाये का, पान्याले लावाले?"

मामाजींनी क्षणभर डोळे मिटले आणि स्वतःच्या हातानं पाईप आणून दिला.

कट्ट!

"निघाला!" मी ओरडलो.

"निघाला," मामाजी म्हणाले. माझ्या हातात बोल्टाचं नुसतं डोकं होतं. धड आतच.

"अवो, त्याचे आटे उलटे असते!" कुंदाला राहवेना. "कवाचे आवळून राह्यले तुमी!"

"मंग मामाजी बोलले काहून नाई?"

"चूप वं कुंदे!" सासूबाईंनी तिलाच दटावलं. "जवायाले कोनी चूक म्हनते का?"

मग मला पाटावर बसवून शिरा वाढला. घरात साखर किती होती ते मला ठाऊक होतं. बाहेर मामाजी हातकरवतीनं दवाखान्याचं दार कापत होते. करवत थांबली की खोकला, खोकला थांबला की करवत. मी ताटली बाजूला सारली.

अखेर बाहेर जाऊन म्हणालो, "मामाजी, मले कामावर ठेवा. झाडू मारतो."

"काय बोलून राह्यले जवाईबापू! तुमाले झाडू देऊ? लोक काय म्हनतीन?"

म्हणून आता सुरतेत आहे, एका फर्निचरच्या कारखान्यात. घर आठवतं, रात्रीची झोप येत नाही, नोकरी जाईल याची सारखी धास्ती वाटते. पण पहिल्याच दिवशी पाना उचलला, तर मालक लांबूनच ओरडला, "अबे गधे, उल्टा घुमा रहा है!"

खरं सांगतो, डोळे भरून आले. त्याच्या पायाच पडणार होतो. पण तेवढ्यात त्यानं आणखी एक शिवी दिली, आणि मला अगदी घरच्यासारखं वाटलं. सासरच्यासारखं नव्हे!