कातळ सोलला तेव्हा

खडकीच्या रुमाना तांबोळी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. जीव मात्र शेवाळात. मुळशीच्या पुढे घाटातल्या ओल्या, दाट जंगलात ओढ्याकाठच्या एका उतरत्या कातळावर पिसांसारख्या बारीक पानांचं एक दुर्मीळ शेवाळ होतं. दर पावसाळ्यात त्या ते बघायला जायच्या. बुधवार पेठेत घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे पती तौफिक कधी सोबत आले नव्हते. शेवाळ आपल्या मोरीतही आहे, म्हणायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये मात्र ते स्वतःहून निघाले.

रुमाना भिंग लावून बसल्या आणि तौफिक जरा फिरून येतो म्हणून गेले. थोड्या वेळात धुकं उतरलं. समोरची झाडंही दिसेनाशी झाली. रुमानांनी हाका मारल्या, पण ओढ्याच्या आवाजात स्वतःची हाक त्यांना ऐकू येईना. मोबाइलला रेंज नव्हती. गाव पार खाली.

तौफिक गेले त्या बाजूचे दगड त्या वाकून बघू लागल्या. एका दगडावरचं शेवाळ टाचेएवढं सोललं होतं, ताजं. पुढच्या दगडावरही तसंच. खुणा वळसा घेत त्यांच्याच कातळाच्या खालच्या टोकाशी आल्या होत्या. तिथे एक लांब ओरखडा होता आणि पुढे कडा.

त्या पोटावर सरकत कड्याशी गेल्या. खाली, हात पुरणार नाही इतक्या अंतरावर, तौफिक एका मुळीला धरून लोंबकळल्यासारखे उभे होते. एक पाय वाकडा झालेला. त्यांच्याखाली नुसतं धुकं.

"पाय ठरत नाही, रुमाना. सगळं निसरडं आहे."

वर यायला तो कातळच होता, आणि त्यावर ते शेवाळ. रुमानांनी नमुने काढायची सुरी हातात घेतली. हात क्षणभर थांबला. हे त्या आजही लपवत नाहीत. मग त्यांनी झपाट्याने खरवडायला सुरुवात केली. सुरी पुरेना तेव्हा नखांनी. हिरवे लगदे ओढ्यात पडत गेले आणि खालचा काळा, खरबरीत दगड उघडा पडला. ओढणी झाडाला बांधून त्यांनी दुसरं टोक खाली सोडलं.

"बूट काढा. काळं दिसेल तिथेच पाय ठेवा. हिरव्यावर नको."

मुळी करकरली. तौफिकनी ओढणी पकडली. एका पायावर, कोपरं सोलत ते वर आले आणि पालथेच पडून राहिले. मग मान वळवून म्हणाले, "तुझं शेवाळ गेलं."

"गप्प पडा," रुमाना म्हणाल्या. झाडाची ओढणी सोडून त्या त्यांचा पाय बांधू लागल्या.

तौफिकना आधार देत खाली उतरेपर्यंत दिवस मावळला. पाय दोन महिने प्लास्टरमध्ये होता.

यंदा त्या पुन्हा गेल्या. तौफिक गाडीतच थांबले. कातळाच्या मधोमध तो पट्टा काळाच होता. कडेला थोडी हिरवळ आली होती, पण ती दुसऱ्याच, साध्या जातीची. परत आल्यावर तौफिकनी विचारलं, काही दिसलं का?

"अजून नाही," त्या म्हणाल्या आणि चहाचा थर्मास उघडला.