तिनं मला कधी विचारलं नाही

विमल गेल्याचं मला द्वारकानं सांगितलं, आणि खरं लिहायचं तर पहिल्या क्षणी मला रडू आलं नाही, राग आला. हिला आधी कसं कळलं? विमलची मैत्रीण मी. वणीच्या शाळेत एकाच टेबलावर आम्ही वर्षानुवर्षं डबे उघडले, ती गणित शिकवायची, मी मराठी. आणि नागपूरच्या दवाखान्यातून तिच्या मुलानं पहिला फोन लावला तो गल्लीतल्या द्वारकाला. "मॅडम, ताई गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. मग मीच तिला धीर देत बसले... मी, तिला! या गोष्टीला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी विमलवर लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्यात द्वारकाला कुणी विचारलेलं नाही, याचाही आनंद होता.

विमलच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांना जानकी सुईण ठाऊक असते. वऱ्हाडातला कापूस बैलगाड्यांतून बाहेर जायचा त्या काळातली ही बाई. जिथं पोलीस पाटलाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नाही, तिथं ती थेट बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसते. बायका तिच्याशी बोलतात, आणि बोलता बोलता खून उघडा पडतो. किती साधी युक्ती! मला का सुचली नाही? मराठी मी शिकवायची. विमलचं ऱ्हस्वदीर्घ मी सुधारायची. माझा कथासंग्रह तिच्या पहिल्या कादंबरीच्या आधी आला, त्याच्या प्रती अजून माझ्या दिवाणाखाली आहेत. तिला मात्र कुठल्या कुठल्या गावांहून बायकांचे फोन यायचे की जानकीचं लग्न लावून देऊ नका, ती आहे तशीच राहू द्या. हेवा, मत्सर हे शब्द मी वर्गात शिकवले. स्वतःपुरतं सांगायचं तर मी जळायचे.

एकदा आम्ही दोघी राजूरला एका म्हाताऱ्या आजीला भेटायला गेलो. पूर्वी तिनं खाणीवर डोक्यावरून कोळसा वाहिला होता. मी प्रश्न काढून नेले होते, मजुरी किती, पाळी किती तासांची, मुकादम कसा. आजी हो-नाही करत होती. विमलनं इतकंच विचारलं, "आजी, तुम्ही टोपलं उचले तवा लेकरू कुठं ठेवे?" आणि मग आजी बोलायला लागली ती उन्हं उतरेपर्यंत थांबली नाही. विमलच्या तिसऱ्या कादंबरीतलं ते झाडाला टांगलेलं लुगडं आणि त्यातलं गायब झालेलं मूल त्या दुपारचं आहे. त्या दुपारी मीही तिथंच बसले होते.

तिची लिहायची रीत निराळी होती. आमच्या वणीत गच्चीवर पांढरं काही वाळत घातलं की संध्याकाळपर्यंत त्यावर कोळशाची काळी भुकटी बसते. म्हणून उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका कुरडया-शेवया करायला द्वारकाच्या अंगणात जमायच्या. द्वारकाचे दोन ट्रक आहेत, धंदा ती स्वतः बघते, आवाजही तसाच. ट्रकवरची ताडपत्री ती अंगणावर ताणायची, आणि खाली आमचे सोरे चालायचे. कुरडया उन्हात ठेवल्या की वरून जुनी पातळं झाकायची. विमल कशाला हात लावायची नाही. खुर्ची घेऊन बसायची आणि नव्या कादंबरीतला खून सांगायची. शेवटाच्या अलीकडे थांबायची आणि एकेकीला विचारायची, "कोण असन?" बहुतेकींनी बरोबर ओळखलं तर घरी जाऊन खुनी बदलायची. एका वर्षी तिनं ताकातून विष देणारी सून रंगवली, तर त्या दुपारी द्वारकाच्या सुनेनं आणलेलं ताक कुणी तोंडाला लावेना. सून बिचारी तांब्या घेऊन उभी.

पहिला प्रश्न नेहमी द्वारकाला. मग बाकीच्या. माझी पाळी आली की विमल हात वर करायची. "तू नको सांगू, निर्मल. तू चूप राह्य." दर उन्हाळ्यात हेच. बायका हसायच्या, मी मान खाली घालून सोऱ्या दाबायची. एकदा मी तिला गाठून काहून म्हणून विचारलं, तर म्हणाली, मराठीच्या बाईला सगळं उलगडून सांगायची खोड असते. मला ते लागलं. द्वारकाची आजी तांड्यासोबत बैलांवर मीठ लादून हिंडलेली, त्या गोष्टींवर विमलनं कादंबरी लिहिली आणि अर्पण केली द्वारकाला. त्या पुस्तकाची मुद्रितं मी तपासली. अर्पणपत्रिकेचं पानही मीच तपासलं, त्यात एकही चूक नव्हती.

शेवटच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहून गेलं. कापसाच्या जिनिंगवाल्याच्या घरातली तरुण विधवा विहिरीत सापडते. संशय दिरावर, सासूवर, स्वयंपाकीणबाईवर. जानकी सगळ्यांना अंगणात बसवते, आणि तिथं कादंबरी थांबते. प्रकाशकांचा फोन आला, शेवट तुम्हीच लिहा, त्यांची शैली तुम्हालाच ठाऊक. मी हरखून गेले. विमलच्या पुस्तकावर माझं नाव! शोकसभेत मी हे द्वारकाला मुद्दाम ऐकवलं. ती डोळे पुसत म्हणाली, "शेवट मले माहीत हाय, मॅडम. ताईनं दवाखान्यात सांगतला."

मरताना माणूस पाणी मागतं, देवाधर्माचं बोलतं. विमलनं खुनी सांगितला, आणि तोही द्वारकाला. मी ठरवलं, विचारायला जायचं नाही, आपल्या मनानं लिहायचं. लिहायला बसले की मात्र वाटायचं, ती बाई हे वाचून हसणार. प्रकाशकांची घाई वाढली तशी एका दुपारी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिलेच.

तिनं चहा ठेवला. कपात साखर घालता घालता म्हणाली, "अगुदर तुम्ही सांगा. कोण असन?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझं उत्तर तयार होतं. तिसऱ्या प्रकरणातच मला कळलं होतं.

"मैत्रीण," मी म्हटलं. "रोज तिची वेणी घालायला येणारी."

"काहून?"

"जळत होती."

द्वारकानं चमचा बशीत ठेवला. मग हळूच म्हणाली, "हेच. आता बदलाव लागन. ताई म्हणे, निर्मलनं वळखलं त बदलून टाकजो."

मला आधी समजलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. बायकांना विचारणं ही नुसती गंमत होती. विमल सांगताना बघत असायची ती माझ्या तोंडाकडे. माझ्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसलं की समजायचं, खुनी फुकट गेला. मी बोलले असते तर बाकीच्यांची मजा गेली असती, म्हणून मला चूप. म्हणजे तिचा प्रत्येक खुनी माझ्यापासून लपत लपत आलेला होता... हे ऐकून मला काय वाटावं? आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण लगेच मनात आलं, माझ्याबद्दलची एवढी मोठी गोष्ट, आणि ती इतकी वर्षं ठाऊक होती द्वारकाला!

प्रकाशकांना मी कळवलं आहे की शेवट ठरवणार द्वारका, मी फक्त कागदावर उतरवणार. दुसरा इलाज नाही. मीच खुनी ठरवला तर ओळखणार कोण? आता दुपारी मी तिच्याकडे जाते. ट्रकवाल्यांचे फोन घेत घेत ती जिनिंगवाल्याच्या अंगणात माणसं इकडून तिकडे हलवते आणि माझ्या तोंडाकडे बघते. दीर मी लगेच ओळखला. सासूला जरा वेळ लागला, पण ओळखली. काल तिनं पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि थांबली. मी विचार केला, चहा संपवला, पुन्हा विचार केला. मला सांगता येईना. द्वारका पदर तोंडाला लावून हसली. घरी येईपर्यंत मी जळत होते, अगदी विमलवर जळायचे तशी.