सुरीची मूठ आणि आईचा हात

परवा रविवारी नांदेडच्या घरात मी आईवर ओरडलो. इतका, की शेजारच्यांनी ऐकायला म्हणून टीव्हीचा आवाज कमी केला... आणि कारण काय, तर एक सुरी.

सगळं सांगतो, म्हणजे मला शिव्या घालायच्या तर नीट घालता येतील.

आईचे गुडघे गेल्यापासून तिला खाली बसता येत नाही. विळी माळ्यावर गेली आणि ती ओट्याशी उभी राहून सुरीने भाजी चिरायला लागली. सुरी भोकरच्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून बनवलेली. पातं एक नंबर, पण मुठीचं लाकूड तडकलेलं. आईने त्याला चिंधी गुंडाळली होती. एक दिवस ओली चिंधी फिरली आणि बोटाला तीन टाके पडले.

सुनीता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, आता राहू द्या, मी करते. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आई दिवसभर हॉलमध्ये पाहुण्यासारखी बसून राहायला लागली आणि ते मला बघवेना. स्वयंपाकघराबाहेर करायचं काय, हे तिला उभ्या आयुष्यात कुणी सांगितलंच नव्हतं.

बाजारातल्या सुऱ्यांच्या मुठी तिच्या हाताला जाड. सुताराकडे गेलो तर तो म्हणे, एवढ्याशा कामाला मशीन लावत नसतो. माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, ठेव तुझी मशीन, मीच करतो.

गावाकडून मोडक्या बाजेचा सागवानी खूर आणला आणि चार रविवार घातले. त्यातून दोन पट्ट्या कापल्या. पात्याच्या मागच्या लोखंडी शेपटीला दोन्हीकडून चिकटवून पितळी सळईचे रिवेट ठोकले. मग कानस, मग पॉलिश पेपर, मग जवसाचं तेल. दोनदा पट्टी फाटली, एकदा ड्रिल अंगठ्यात गेलं... घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, आणि बरंच होतं ते.

आणि माप? माप तर असं घेतलं की सुऱ्या बनवायचे व्हिडिओ टाकणाऱ्यांनी माझ्याकडे शिकायला यावं. आधी आईचे टाके निघेपर्यंत थांबलो. मग कणकेचा गोळा तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, "माय, हात दे." तिने उजव्या मुठीत गोळा दाबला. त्या ठशावरून एका पट्टीत अंगठ्यासाठी खळगा कोरला, दुसरीला तळहातासाठी फुगवटा ठेवला. डोळे मिटून धरली तरी बोटं आपापल्या जागी जावीत, अशी मूठ.

आई म्हणाली, "लई भारी झाली रे बापू." मी आठ दिवस हवेत.

परवा पाणी प्यायला आत गेलो तर आई पाठमोरी उभी, बाजारातल्या फुटकळ प्लास्टिकच्या मुठीच्या सुरीने वांगी चिरून राहिली होती. माझी सुरी देवाच्या फळीवर, पेपरात गुंडाळून ठेवलेली. तळपायाची आग मस्तकात गेली. चार रविवार काय शोभेसाठी घातले का? आवडली नाही तर तोंडावर सांगायचं होतं! असं बरंच बोललो. शेवटी सुरी ओट्यावर आपटली आणि म्हणालो, "माझ्यासमोर काप. बघू दे, काय होतं ते."

तिने उजव्या हातात धरली. वांगं सटकलं. पुन्हा धरली, पुन्हा सटकलं. मग तिने एकदा दाराकडे बघितलं आणि सुरी डाव्या हातात घेतली... आणि वांगं सरसर चिरलं गेलं. फक्त तिचा अंगठा खळगा शोधत होता, आणि खळगा होता पलीकडच्या बाजूला. तिचा तळहात मी ठेवलेल्या फुगवट्याशी झगडत होता.

माझी आई डावखुरी आहे. मला परवा कळलं, माझे केस पांढरे झाल्यावर.

मग तिनेच सांगितलं. लहानपणी डाव्या हाताने घास उचलला की तिच्या मनगटावर उलथणं बसायचं. सासरी एकदा डाव्या हाताने वाढलं म्हणून ताट परत आलं. तेव्हापासून जेवणं, वाढणं, देणं-घेणं सगळं उजव्याने. विळीवर दोन्ही हात लागतात, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. सुरीने तिला उघडं पाडलं.

"मग माप घेताना बोलायचं ना," मी म्हणालो. आवाज माझा चढलेलाच होता.

"तू हात दे म्हणलास. डावा हात कुणी पुढं करतंय का रे?"

राग कुणावर काढायचा सांगा. उलथणं मारणारे केव्हाच गेले, त्यांच्याशी भांडता येत नाही. आणि टाके पडले होते ते उजव्या बोटाला! उजव्या हातात सुरी धरणाऱ्याचं कापतं ते डावं बोट. मी रोज त्या बोटाची मलमपट्टी बदलत होतो. ते बोट बरं होईपर्यंत थांबलो आणि त्याच हाताचं माप घेतलं. इतका मूर्ख माणूस मुदखेडपासून भोकरपर्यंत सापडायचा नाही.

त्याच दुपारी रिवेट कापून मूठ उखडली. खूर थोडा शिल्लक होता. नवा कणकेचा गोळा घेतला आणि या वेळी म्हणालो, "माय, डावा दे."

तिने हात आधी पदराला पुसला. जणू तो हात मळकाच असतो... मग पुढे केला. तो ठसा मी अजून टाकलेला नाही, वाळून खडखडीत झालाय.

आज संध्याकाळी मूठ बसली. सुनीता बाजूला उभी, मी दारात उभा. आईने आमच्याकडे बघितलं, आणि आम्ही बघत असताना डाव्या हाताने कांदा चिरला.