मागचं माणूस येईपर्यंत

चांगुणाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि आमचे हे बाल्कनीत उन्हाला बसले होते. फोनवर तिची सून सुनंदा होती. "वैनी, आई गेली. भाताचं भारं बांधताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत राह्यली नाय." मी गॅस बंद केला आणि भिंतीला टेकले. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी आली ती धास्ती. आता यांना डोंगरात कोण सांभाळणार, आणि त्याच्याही आधी, यांना हे सांगायचं कसं... सांगितलं. खूप रडले. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता विचारलं, "रविवारी चांगुणाबाईंकडे जायचं ना?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तितकेच रडले. त्यांच्यासाठी ती रोज नव्याने जात होती. शेवटी माझ्याने होईना. "जाऊ हं, पाऊस उघडला की," असं मी म्हणायला लागले. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असायचं.

हे भातसानगरला धरणावर नोकरीला होते. निवृत्तीनंतर आम्ही आसनगावला आलो आणि थोड्याच वर्षांत यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नावं, मग एकदा आमच्याच इमारतीचा जिना. डॉक्टर म्हणाले, चालवा त्यांना. अहो, चालवा कुठे? स्टेशनच्या रस्त्यावर रिक्षांच्या गर्दीत यांचा हात धरून चालायचं म्हणजे माझा जीव मुठीत. मी मुळातच घाबरट. घरात कोणी शिंकलं तरी मी काढ्याला पाणी ठेवते. अशात शेजारणीने सांगितलं की डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर एक बाई आहे, ती माणसांना हळूहळू डोंगरातून फिरवून आणते, घरी नाचणीची भाकरी खाऊ घालते आणि संध्याकाळच्या आत खाली सोडते.

चांगुणाबाई काही गोड बोलणारी नव्हती. मिश्री लावत दगडावर बसायची आणि फार बडबड करणाऱ्याला सरळ गप्प करायची. तिची अट एकच, सगळ्यात हळू जो चालेल त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. एकदा मुरबाडकडून आलेल्या धडधाकट मंडळींना तिने अर्ध्या वाटेतून परत पाठवलं. "तुमाला डोंगर बगायचा नाय, नुसता चढायचाय. मंग माजं काय काम?" आणि खोटारडी तर अशी, की किती राहिलं विचारलं की हमखास म्हणायची, "आलंच." त्या 'आलंच'नंतर दोन टेकड्या यायच्या. मी चिडायचे, ती पदराआड हसायची.

वाटेला फाटा फुटला की ती हिरवी डहाळी तोडून नको त्या वाटेवर आडवी टाकायची. पुढे गेलेल्याने मागच्यांसाठी वाट अशी बंद करायची, ही तिकडची जुनी रीत. आम्हाला ती पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती, पण तिला वाटलं, एवढं तर कोणालाही कळतं. तिथेच घात झाला. एकदा ती कल्याणच्या दोन बायकांना घेऊन पुढे होती, मध्ये हे, आणि गुडघ्यांमुळे मी शेवटी. फाट्यावर आडवी डहाळी दिसली तशी यांनी ती उचलून बाजूला टाकली. सगळा जन्म धरणावर काढलेला माणूस, वाटेत काही पडलेलं यांना खपायचं नाही. आणि साफ केलेल्या वाटेने सरळ निघून गेले. मी मागून आले ती बायकांच्या आवाजाने दुसऱ्या वाटेला लागले. वर पोचले तर चांगुणाबाई विचारते, "सायेब कुटं?"

"मला वाटलं, पुढे तुमच्यात आहेत." फाट्यावरची दुसरी वाट कड्यावर जाऊन संपते हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने लांब कुकारा घातला. उत्तर नाही. आम्ही उलट्या पावली धावलो. हळू चालणारी ती बाई त्या दिवशी अनवाणी धावली. फाट्यावर झुडपात पडलेली डहाळी तिने पाहिली आणि नको त्या वाटेने खाली उतरली. मी मागोमाग, ज्या देवांची नावं आठवतील ती घेत. कड्याच्या अलीकडे एका ऐनाच्या झाडाखाली हे निवांत बसले होते. मला बघून म्हणाले, "किती उशीर केलास गं."

मी त्यांच्यावर ओरडणार तेवढ्यात चांगुणाबाईने माझा दंड धरला. "काय बोलू नको गो त्यांना. वाट साफ केली त्यांनी, चांगल्या मनान केली." मी मनात म्हटलं, संपलं, आता डोंगर बंद. पण परतीच्या पहिल्याच फाट्यावर ती यांना म्हणाली, "सायेब, आता डहाळी तुमी घालायची. तुमी पुढं, मी शेवटाला. हिरवीच घालायची, वाळकी कोण मानत नाय. आन् घातली की मागं बगायचं. मागचं माणूस आलं तरच पुढं जायचं."

तेव्हापासून तेच चाललं. फाटा आला की हे थांबायचे, ती मागून 'डावी' किंवा 'उजवी' म्हणायची, हे डहाळी आडवी घालून सगळ्यांत शेवटी येणारी ती दिसेपर्यंत उभे राहायचे. स्वतःच्या घराचा जिना विसरलेला माणूस हे मात्र कधी चुकला नाही. त्या डोंगरात मला दोन घास सुखाचे जायचे.

सुनंदाचा निरोप आला म्हणून बाराव्याला यांना घेऊन गेले. ती अर्ध्या वाटेत घ्यायला येणार होती. सकाळी यांना सगळं पुन्हा सांगितलं होतं, पुन्हा डोळे पुसून झाले होते. पाड्याच्या खालच्या फाट्यावर पोचलो आणि मी थबकले. मला वाट ठाऊक नव्हती. इतकी वर्षं मी फक्त पुढच्याच्या पाठीकडे बघत आले होते. एक वाट रुंद, एक अरुंद, आणि डावी-उजवी सांगायला मागे कोणी नाही. हे मात्र बराच वेळ दोन्ही वाटांकडे बघत राहिले. मग करंजाची हिरवी डहाळी मोडली आणि रुंद वाटेवर आडवी ठेवली. चुकले असतील तर... एवढ्यात अरुंद वाटेवरून सुनंदाची हाक आली, "वैनी, या, या. हिकडनंच."

मी सुटकेचा श्वास टाकला आणि त्यांचा हात धरला. "चला."

हे जागचे हलले नाहीत. आम्ही आलो त्या वाटेकडे तोंड करून उभे होते.

"थांब जरा," म्हणाले. "मागचं माणूस यायचंय."

वरून सुनंदा पुन्हा हाका मारत होती. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि मागे बघत राहिले.